सपाट चमचा आणि शिगेचा चमचा

“पाण्यात मीठ किती घातलेत?” असे विचारले की उत्तर येते, “एक चमचा.” “चहात साखर किती?” “एकच चमचा, डॉक्टर.” “बाळाच्या दुधात पावडर किती घालता?” “दोन चमचे.” दवाखान्यात दिवसभर अशी उत्तरे मी ऐकते. उत्तर देणारी व्यक्ती खोटे बोलत नसते. पण चमचा कोणता होता आणि तो सपाट भरला होता की वर शीग होती, हे समजल्याशिवाय त्या उत्तरातून मला काहीच कळत नाही. भाजीत अंदाजाने घातलेले मीठ फार तर एका जेवणाची चव बिघडवते. जुलाब होणाऱ्या लहान मुलाच्या पाण्यात अंदाजाने घातलेले मीठ मात्र त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून या आठवड्यात स्वयंपाकघरातल्या चमच्याविषयी लिहीत आहे.

आपल्या जुन्या माणसांना हा फरक चांगला ठाऊक होता. शेर, मापटे, पायली यांनी धान्य मोजले जाई, तेव्हा माप शीग लावून द्यायचे की वरून हात फिरवून सपाट द्यायचे, हे आधी ठरत असे. पायली तीच, पण शिगेच्या पायलीत धान्य जास्त. पुढे १९५६ च्या कायद्याने दशमान वजनेमापे आली, धान्य किलोवर विकले जाऊ लागले आणि शिगेचा हिशेब बाजारातून गेला. घरातल्या चमच्याला मात्र तो आजही लागू आहे.

चमचा नेमका केवढा?

वैद्यकशास्त्रात नुसता ‘चमचा’ म्हटले, की ५ मिलिलिटरचा चहाचा चमचा समजतात. मोठा चमचा, म्हणजे टेबलस्पून, १५ मिलिलिटरचा. एका मोठ्या चमच्यात तीन लहान चमचे मावतात. पण आपल्या घरातले चमचे हे माप पाहून घडवलेले नसतात. मसाल्याच्या डब्यातला चमचा अगदी चिमुकला असतो. चहात साखर ढवळायचा वेगळा. पोहे-उपमा खायचा त्याहून मोठा. मिठाच्या बरणीत कोणता तरी जोडी हरवलेला चमचा पडलेला असतो. या सगळ्यांना घरात ‘चमचा’ असेच म्हणतात.

खात्री करून घेणे अगदी सोपे आहे. औषधाच्या दुकानातून ५ मिलिलिटरची, सुई नसलेली नवी सिरिंज आणावी. तिच्यात ५ मिलिलिटर पाणी घ्यावे आणि चमचा सपाट धरून त्यात हळूहळू सोडावे. पाणी काठोकाठ आले आणि सांडले नाही, तर चमचा बरोबर ५ मिलिलिटरचा. पाणी उरले तर चमचा लहान, चमचा भरला नाही तर मोठा. माझ्या घरातल्या सहा चमच्यांवर मी हा प्रयोग केला, तेव्हा सर्वांत लहान चमचा साडेतीनचा निघाला आणि सर्वांत मोठा नऊचा. ५ मिलिलिटरला जवळ असलेला एकच होता. त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधून मी तो वेगळा ठेवला आहे. वाचकांनीही असा एक चमचा शोधून ठेवावा. औषधाच्या बाटलीबरोबर मापाचे टोपण किंवा खुणेचा प्लॅस्टिकचा चमचा मिळतो. तो धुऊन, पुसून जपून ठेवला तरी काम होते.

दुसरी रीत साखरेची. वाण्याकडून १०० ग्रॅम साखर काट्यावर तोलून आणावी आणि सपाट चमच्याने मोजत एका भांड्यातून दुसऱ्यात टाकावी. चमचा ५ मिलिलिटरचा असेल तर सुमारे २४ चमचे भरतात. १५-१६ चमच्यांतच साखर संपली, तर चमचा बराच मोठा आहे असे समजावे.

सपाट कसा भरावा?

चमचा कोरडा असावा. ओल्या चमच्याला साखर-मीठ चिकटते आणि माप चुकते. जिन्नस चमच्यात दाबून भरू नये. चमचा भरून घ्यावा आणि सुरीच्या सरळ पाठीने काठाबरोबर वरची शीग खाली पाडावी. डब्याच्या काठावर चमचा आपटला तर मीठ खाली बसते आणि पुन्हा वर जागा होते, म्हणून आपटू नये. अर्धा चमचा हवा असेल, तर आधी पूर्ण सपाट भरावा, मग सुरीच्या टोकाने मध्ये दांड्याच्या दिशेने लांब रेघ ओढून एका बाजूचे मीठ काढून टाकावे. आडवी रेघ ओढू नये. चमचा टोकाला निमुळता व उथळ असतो, त्यामुळे दोन भाग सारखे होत नाहीत.

सपाट चमचा भरला तरी सगळ्या जिनसांचे वजन सारखे नसते. ५ मिलिलिटरच्या सपाट चमच्यात बारीक मीठ सुमारे ६ ग्रॅम बसते, दाणेदार साखर सुमारे ४ ग्रॅम, तर कणीक ३ ग्रॅमच्याही आतच. पिठीसाखर दाणेदार साखरेपेक्षा हलकी भरते. खडे मिठात खड्यांमध्ये पोकळी राहते, म्हणून ते कुटून बारीक केल्याशिवाय चमच्याने मोजू नये. पावसाळ्यात मीठ पाणी सोडते, त्याच्या गुठळ्या होतात. तेही आधी मोडून घ्यावे.

आणि शीग? ती हातावर अवलंबून असते. शीग लावलेल्या चमच्यात सपाट चमच्याच्या दीडपट ते दुप्पट जिन्नस सहज बसतो. म्हणजे सपाट चमच्यात ६ ग्रॅम मीठ, तर शिगेच्या चमच्यात ९ ते १२ ग्रॅम. हा फरक कुठे नडतो ते आता पाहू.

जलसंजीवनी : इथे शीग चालत नाही

जुलाबात शरीरातले पाणी आणि क्षार निघून जातात. नुसते पाणी पाजून ही तूट भरून येत नाही, कारण जुलाबात आतड्यातून पाणी नीट शोषले जात नाही. मात्र लहान आतड्यात एक सोय असते. ग्लुकोज आणि मिठातील सोडियम एकत्र आले, की आतड्याचे अस्तर दोघांनाही जोडीने आत घेते आणि त्यांच्यामागून पाणीही आत ओढले जाते. जुलाब चालू असतानाही हा मार्ग उघडा राहतो. जलसंजीवनीचा, म्हणजे ओआरएसचा, सगळा गुण यातच आहे. साखर इथे गोडीसाठी नसते. ती मीठ आणि पाणी आत नेण्यासाठी असते.

या उपायाची मोठी परीक्षा १९७१ साली झाली. बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याने थैमान घातले. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा तोलून त्यांच्या पुड्या कोलकात्यात तयार करवून घेतल्या. छावणीत पिंपांमध्ये द्रावण बनवून ठेवले जाई आणि रुग्णांचे नातेवाईकच ते पेल्याने पाजत. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम सोडा असे प्रमाण होते. जिथे शंभरातले वीस-तीस रुग्ण दगावत होते, तिथे मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. डॉ. महालनोबिस २०२२ साली निवर्तले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

ग्रॅमच्या या आकड्यांत जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली बदल केला. जुन्या सूत्रात एका लिटरला मीठ ३.५ ग्रॅम आणि ग्लुकोज २० ग्रॅम होते. नव्या सूत्रात मीठ २.६ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम आहे. जोडीला पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम व सायट्रेट २.९ ग्रॅम. मीठ-साखर थोडी कमी केल्यावर मुलांचे जुलाब व उलट्या कमी होतात, सलाईन लावण्याची गरजही घटते, असे आढळले म्हणून हा बदल झाला. एका लिटरमागे एक ग्रॅम मीठही कमी नाही असे ज्या पाण्यात मानतात, तिथे चमच्याची शीग चालेल कशी?

घरी करायची कृती

ओआरएसचे पाकीट मिळत असेल तर तेच वापरावे. त्यात पोटॅशियमही असते, ते घरच्या पाण्यात नसते. पाकीट मिळेपर्यंत घरी असे पाणी करावे :

स्वच्छ, उकळून गार केलेले पाणी : १ लिटर
साखर : सपाट ६ चहाचे चमचे
बारीक मीठ : सपाट अर्धा चहाचा चमचा

पाण्याचे मापही चमच्याइतकेच महत्त्वाचे आहे. घरातला तांब्या एक लिटरचा असेलच असे नाही. पेले आणि फुलपात्रेही दीडशेपासून तीनशे मिलिलिटरपर्यंत असतात. बाजारात मिळणारी पाण्याची १ लिटरची बाटली धुऊन तिने पाणी मोजावे. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी घरात येते, त्या दुधाची पातळी पातेल्यात पाहून ठेवली तरी अंदाज बांधता येतो. द्रावण ढवळून एक घोट स्वतः चाखावा. अश्रूंपेक्षा खारट लागले तर ते ओतून द्यावे व नवे करावे. नुसते पाणी वाढवून दुरुस्ती करू नये, कारण मग साखरेचेही प्रमाण बदलते. तयार पाणी झाकून ठेवावे आणि २४ तासांनंतर उरलेले टाकून द्यावे.

आता चुकीचे काय होते ते पाहा. सलाईनच्या एक लिटर बाटलीत ९ ग्रॅम मीठ असते. आपल्या रक्ताचा खारटपणा जवळपास तेवढाच. अर्ध्या सपाट चमच्याऐवजी एक शिगेचा चमचा मीठ लिटरभर पाण्यात पडले, तर ते पाणी रक्ताइतके किंवा त्याहून खारट होते. ‘एक लिटर’ विसरून तोच एक सपाट चमचा २०० मिलिलिटरच्या पेल्यात घातला, तर लिटरला ३० ग्रॅम मीठ होते. समुद्राचे पाणी लिटरला सुमारे ३५ ग्रॅम खारट असते. म्हणजे आपण तहानलेल्या बाळाला जवळजवळ समुद्राचे पाणी पाजतो. बाळाच्या रक्तात सोडियम वाढते, पेशींमधले पाणी बाहेर ओढले जाते. बाळ चिडचिडे होते, तहान भागता भागत नाही, पुढे गुंगी येते, झटके येतात. मेंदूला इजा होऊ शकते.

एक उदाहरण सांगते. अकरा महिन्यांच्या एका मुलीला जुलाब होत होते. आजीने प्रेमाने, वेळेवर, अगदी पहिल्या जुलाबापासून मीठ-साखरेचे पाणी सुरू केले. मुलगी घटाघटा पीत होती, म्हणून सगळे निश्चिंत होते. संध्याकाळी तिला माझ्याकडे आणले तेव्हा ती सारखी कण्हत होती, अंग हाताला पिठाच्या गोळ्यासारखे लागत होते. आजींना मी चमचा आणि भांडे आणायला सांगितले. पोहे खायचा मोठा चमचा होता, मीठ भरून एक चमचा, आणि भांडे जेमतेम अर्ध्या लिटरची लोटी. मुलीला लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवले. तिथे रक्तातले सोडियम फार वाढलेले निघाले. ते हळूहळू खाली आणावे लागते, घाई केली तर मेंदूला सूज येते. चार दिवसांनी ती घरी आली, आज शाळेत जाते. आजींचा हेतू, तत्परता, स्वच्छता सारे योग्य होते. चुकले ते फक्त माप.

साखर जास्त झाली तरी घात होतो. सहा शिगेचे चमचे म्हणजे लिटरला ४०-५० ग्रॅम साखर. एवढे गोड पाणी आतड्यातून आत जाण्याऐवजी शरीरातलेच पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. बाटलीबंद थंड पेयांत तर १०० मिलिलिटरला १० ग्रॅमच्या आसपास साखर असते. म्हणून ती जुलाबात देऊ नयेत. काही गोड पेये ‘ओआरएस’ हे नाव लावून विकली जात. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यावर मनाई केली. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे की नाही, हे पाहूनच घ्यावे.

पाकीट वापरतानाही मापाचे भान हवे. एक लिटरचे पाकीट पूर्णच्या पूर्ण एक लिटर पाण्यात घालावे. त्यातली चमचाभर भुकटी पेल्यात आणि बाकीची उद्यासाठी, असे करू नये. पाकिटात क्षार आणि ग्लुकोज एकसारखे मिसळलेले असतीलच असे नाही. २०० मिलिलिटरसाठी वेगळी लहान पाकिटे मिळतात.

चिमूट किती बोटांची?

चमचा नसेल तिथे काय करावे? बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० ते १९९० या काळात घरोघरी कार्यकर्त्या पाठवून एक कोटीहून अधिक घरांतल्या आयांना मीठ-गुळाचे पाणी करायला शिकवले. माप होते तीन बोटांची चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. पण ते नुसते सांगून सोडले नाही. आयांनी केलेल्या पाण्याचे नमुने तपासले जात. आईने किती बरोबर लक्षात ठेवले आहे, यावर कार्यकर्तीचे मानधन ठरे. चिमटीचे माप शिकवायलाही एवढी मेहनत लागली, हे लक्षात घ्यावे.

ती तीन बोटांची चिमूट सुमारे अर्ध्या लिटरसाठी होती. आपल्याकडे अनेकजण तीच चिमूट एका पेल्याला घालतात, तेव्हा पाणी फार खारट होते. २०० मिलिलिटरच्या पेल्याला एक सपाट चमचा साखर आणि अंगठा व एका बोटाच्या चिमटीत येईल एवढेच मीठ पुरे. तरीही शक्यतो लिटरचेच माप घ्यावे. प्रमाण जितके लहान, तितकी चूक मोठी.

पाणी किती पाजावे? प्रत्येक पातळ शौचानंतर दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिलिलिटर. लहान मुलाला दर मिनिट-दोन मिनिटांनी चमच्या-चमच्याने द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, अधिक सावकाश सुरू करावे. अंगावरचे दूध व नेहमीचे खाणे बंद करू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस झिंक द्यावे. शौचात रक्त, डोळे खोल जाणे, लघवी बंद होणे, सुस्ती किंवा पिता न येणे, यांपैकी काही दिसले तर घरी थांबू नये.

डब्याच्या दुधाचा चमचा

सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे. त्याला मापाची गरजच नाही. काही कारणाने डॉक्टरांनी डब्याचे दूध सुचवले, तर त्याच डब्यातला चमचा वापरावा. निरनिराळ्या डब्यांचे चमचे सारखे नसतात. आधी मोजून पाणी घ्यावे, नंतर पावडर सपाट चमच्याने घालावी, दाबू नये. बाळ बाळसे धरत नाही म्हणून शीग लावली, तर दूध दाट होते, बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडांवर क्षारांचा ताण येतो, बद्धकोष्ठ होते. डबा महाग म्हणून एक चमचा कमी घातला, तर बाळाचे पोट भरल्यासारखे दिसते आणि वजन मात्र वाढत नाही. दोन्ही चुकाच.

मोठ्यांचे मीठ आणि साखर

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे एका सपाट चमच्याच्याही आत. रक्तदाबाचे रुग्ण मला सांगतात, “आम्ही मीठ कमीच खातो.” त्यांना मी चमचा न विचारता मिठाच्या पुड्याचा हिशेब विचारते. एक किलो मीठ म्हणजे १००० ग्रॅम. चार माणसांना रोज पाच-पाच ग्रॅम धरले, तर पुडा ५० दिवस पुरायला हवा. तो ३० दिवसांत संपत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज आठ ग्रॅमहून अधिक मीठ येते. बाहेरचे फरसाण, वेफर्स, पापड यांतले मीठ त्यात धरलेले नाही. सैंधवाने फार फरक पडत नाही, कारण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते.

साखरेचेही तसेच. त्याच संघटनेने २०१५ साली सुचवलेली साखरेची मर्यादा साधारण ५० ग्रॅमची, आणि शक्य तर २५ ग्रॅम, म्हणजे सहा सपाट चमचे. ‘चहात एकच चमचा’ घेणारा माणूस दिवसात चार कप चहा पितो. सपाट चमचा असेल तर १६-१७ ग्रॅम साखर होते, शिगेचा असेल तर ३० ग्रॅमच्या पुढे. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच किलो साखर येत असेल, तर प्रत्येकाला रोज सुमारे ४२ ग्रॅम, म्हणजे दहा सपाट चमचे. मिठाई, बिस्किटे, जॅम, थंड पेये यांतली साखर वेगळी. मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांनी सांगितलेलेच प्रमाण पाळावे.

कात्रण करून ठेवण्यासाठी

१. ५ मिलिलिटरचा एक चमचा शोधून, खूण करून वेगळा ठेवा.
२. कोरडा चमचा, न दाबता भरा, सुरीने शीग पाडा.
३. १ लिटर पाणी, सपाट ६ चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. अश्रूंपेक्षा खारट नको.
४. ओआरएसचे पाकीट पूर्ण, आणि पाकिटावर लिहिलेल्या तेवढ्याच पाण्यात.
५. डब्याच्या दुधाला त्याच डब्याचा चमचा, सपाट.
६. मिठाचा पुडा व साखरेची पिशवी फोडाल त्या दिवशी त्यावर तारीख लिहा.

घरात लहान मूल असेल तर पावसाळा लागण्याआधी हे पाणी एकदा करून, चाखून पाहा. आजी-आजोबांना आणि मुलाला सांभाळणाऱ्या बाईंनाही तो खुणेचा चमचा दाखवून ठेवा. जुलाब मध्यरात्री सुरू होतात, त्या वेळी चमचा शोधत बसायला नको.